ईस्टरचं चित्रपुस्तक लहानग्यांना वाचून दाखवताना

ईस्टरचं चित्रपुस्तक हाती आलं की गोष्ट वाचण्याआधी पानं मोजा. येशू क्रूसावर मेला त्या शुक्रवारच्या दुःखाला किती जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) दिलीत आणि तो पुन्हा उठला त्या रविवारच्या सकाळला किती, एवढंच पाहायचं. साधारण चित्रपुस्तक 32 पानांचं असतं. नावाचं पान, माहितीचं पान वगळलं की गोष्टीला 12 ते 14 जोडपानं उरतात. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातली एक किंवा दोन शुक्रवारची आणि निदान चार रविवारची असावीत. पुष्कळ पुस्तकांत नेमकं उलटं असतं. अटक, चाबूक, काट्यांचा मुकुट, क्रूस, अंधार, आणि मग शेवटच्या एका पानावर उजेडाचा झोत अन् 'येशू उठला आहे!' अशा पुस्तकातून लेकरू घरी नेतं ते खिळे. ईस्टर हा ख्रिस्ती घरातला सर्वांत आनंदाचा दिवस. तो एका पानात उरकणारं पुस्तक कितीही देखणं असलं तरी लहान मुलांसाठी घेऊ नये.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे शुक्रवार गाळून टाकलेली पुस्तकं. मुलांना त्रास नको म्हणून झावळ्यांच्या रविवारवरून (ईस्टरच्या आदला रविवार, येशू यरुशलेमात आला तो) थेट रिकाम्या कबरेवर उडी. मग कबर रिकामी आहे यात आनंदाचं काय, हे चार वर्षांच्या मुलाला कळायला काही मार्गच राहत नाही. शुक्रवार हवाच, पण मोजका आणि स्पष्ट.

पुस्तक पारखताना

ईस्टरच्या नावाखाली तीन वेगळ्या जातीची पुस्तकं मिळतात: येशूच्या पुनरुत्थानाची, रंगीत अंडी आणि सशाची, आणि नव्या जिवाची म्हणजे पिल्लू, बी, फुलपाखरू यांची. पहिली ही सणाची गोष्ट, बाकीची सोबतीला.

पुनरुत्थानाच्या पुस्तकात चेहरे बघा. येशू आणि त्याची माणसं पश्चिम आशियातली, यहुदी. सावळे, काळ्या केसांचे, उन्हात राबलेले. सोनेरी केस आणि निळे डोळे रंगवलेलं पुस्तक शक्यतो टाळा, कारण ते चुकीचं आहे आणि गावातलं मूल 'येशू गोरा होता का?' असं विचारतंच. मजकुरात 'यहुद्यांनी येशूला मारलं' असं वाक्य असेल तर ते वाचू नका. रोमी सुभेदार पिलातानं हुकूम दिला आणि शिपायांनी तो बजावला, असं सांगा. येशू, त्याची आई मरीया, शिष्य पेत्र ही सगळी यहुदीच होती.

चित्र आणि मजकूर जुळतात का तेही तपासा. बायबलात येशूची गोष्ट चार शुभवर्तमानांत येते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूची शिष्या मग्दालीया मरीया एकटी कबरेपाशी रडते. मार्कात तीन बाया सुगंधी द्रव्यं घेऊन जातात. मत्तयात एक देवदूत कबरेच्या दारावरच्या धोंडेवर बसलेला आहे, लूकात लखलखीत कपड्यांतले दोन पुरुष. चित्रकार एकाचं चित्र घेतो, लेखक दुसऱ्याचा मजकूर, आणि मुलं लगेच पकडतात की बाया तर तीन दिसतात. असं झालं तर चित्राच्या बाजूनं जा, कारण मूल चित्रच वाचत असतं.

आकाराची परीक्षा सोपी आहे. पुस्तक उघडून भिंतीला टेकवा आणि सात-आठ फूट मागं जा. मुख्य माणूस कोण आणि तो काय करतोय हे तिथून ओळखू आलं तर ते 10-12 मुलांच्या घोळक्यात चालेल. बारीक नक्षीचं, पानभर माणसांच्या गर्दीचं पुस्तक मांडीवरच्या एका-दोघांसाठी ठेवा. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याचं, 10 ते 16 पानांचं, पानाला एक ओळ असलेलं पुरतं. तीन ते पाच वर्षांना एका जोडपानाला 20-25 शब्द खूप झाले. सहा-सात वर्षांची मुलं त्याच्या दुप्पट-तिप्पट मजकूर ऐकतात.

अंडी-सशाच्या पुस्तकांत अडचण ऋतूची. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान कोणत्याही रविवारी येतो. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे, 2028 मध्ये 16 एप्रिलला. परदेशी पुस्तकात तेव्हा बर्फ वितळतो आणि कुरणात कोकरं बागडतात. आपल्याकडे विदर्भात तेव्हा पळस झडत आलेला असतो, मोहफुलं टपकत असतात, कापसाची शेतं उलंगून उघडी पडलेली असतात आणि पारा चाळिशीकडे निघालेला असतो. बर्फाचं पान लपवू नका, 'तिकडं थंडी संपते तेव्हा हा सण येतो, आपल्याकडं ऊन तापतं तेव्हा येतो' एवढं सांगून पुढं चला. आपल्याकडची नवी पालवी दाखवायची तर अंगणातला लिंब (कडुनिंब) आहेच. याच दिवसांत तो कोवळा, तांबूस फुटतो.

'ससा अंडी देतो का?' हा प्रश्न येणारच. तुरीत ससा पळताना पाहिलेल्या मुलाला थाप पचत नाही. ससा अंडी देत नाही, पिल्लं देतो, असं सरळ सांगा. जर्मनीत मुलांना पूर्वीपासून गंमत म्हणून सांगत आलेत की ईस्टरचा ससा बागेत अंडी लपवतो. 1682 सालच्या एका लिखाणात त्याचा उल्लेख आहे. अंड्याचं कारणही सांगण्यासारखं आहे. जुन्या काळी युरोपात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी खायला बंदी असे. कोंबड्या काही थांबत नसत, म्हणून ईस्टरला घरात अंड्यांचा ढीग साचायचा आणि उपवास सुटला की ती रंगवून वाटायचे.

इंग्रजी पुस्तक, मराठी वाचन

ईस्टरची मराठी चित्रपुस्तकं थोडी आहेत. चर्चच्या पुस्तकविक्रीत मुलांसाठी सचित्र बायबलं मिळतात, त्यात ईस्टरला बहुधा दोन-चार पानं असतात. चित्रांनी भरलेलं स्वतंत्र पुस्तक हवं तर बहुतेक वेळा इंग्रजीच घ्यावं लागतं. पिल्लं, बिया, झाडं यांची मराठी पुस्तकं मात्र सहज मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर ती फुकट आहेत आणि उतरवून, छापून घ्यायची मुभाही आहे.

इंग्रजी पुस्तक हातात धरून ऐनवेळी मराठी करत वाचू नका. वाक्यं लांबतात, अडखळतात, आणि तुम्ही शब्द शोधता तेवढ्यात मागची मुलं उठून जातात. आठवडाभर आधी बसा. प्रत्येक जोडपानाचं चित्र बघून, इंग्रजी मजकूर झाकून, मुलांना जसं तोंडी सांगाल तसं दोन-तीन वाक्यांत लिहा. मग मजकुराशी ताडून काही महत्त्वाचं सुटलं का ते पाहा. हा क्रम उलटा केला तर मराठीत इंग्रजी वाक्यं उतरतात. लिहिलेलं मोठ्यानं वाचा. श्वास पुरत नसेल ते वाक्य तोडा.

पक्का मजकूर पांढऱ्या कागदाच्या पट्टीवर, अर्धा सेंटिमीटर उंचीच्या अक्षरात लिहा आणि इंग्रजी मजकुरावर पेपर टेपनं चिकटवा. डिंक किंवा खळ लावू नका, गुळगुळीत पान ओलाव्यानं सुरकुततं आणि चित्र बिघडतं. पट्टीच्या कोपऱ्यात पानाचा आकडा टाका. पट्ट्या निसटतातच.

शब्द घरातले ठेवा, पण गोष्टीचे मूळ शब्द मोडू नका. येशू, मरीया, पेत्र, देवदूत, क्रूस, होसान्ना हे मुलं चर्चमध्ये ऐकणार आहेत, ते तसेच राहू द्या. चालत्या वाक्यात मात्र वऱ्हाडी आली तर येऊ द्या. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी बोलणारी मुलं असतील तर कळीची दोन-तीन वाक्यं त्यांच्या भाषेत गावातल्या कुणाकडून आधी विचारून घ्या. सगळं पुस्तक नाही केलं तरी चालेल. 'येशू जिवंत आहे' हे एक वाक्य मुलाच्या घरच्या बोलीत पोचलंच पाहिजे.

'गाढव' या शब्दाला मुलं खिदळतात, ते आधीच धरून चाला. येशू गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेमात आला, हे वाक्य वाचून थोडं थांबा, हसू द्या. मग सांगा की राजा लढाईला निघाला की घोड्यावर बसायचा, आणि हा राजा लढायला आलेला नव्हता. झावळ्या म्हणजे काय हे दाखवायला नारळ शोधू नका. नाल्याकाठची शिंदी आणा, चर्चमध्येही बहुतेक तीच वापरतात.

कबर हे सर्वांत अडणारं चित्र. आपल्या मुलांनी पाहिलेली कबर म्हणजे मातीचा उंचवटा, त्यातून कुणी 'बाहेर येणं' आणि 'आत डोकावणं' त्यांना बसत नाही. खडकात कोरलेली खोली, असं सांगा. अकोल्याकडच्या मुलांना पातूरची लेणी, चंद्रपूरकडच्यांना भद्रावतीची विजासनची लेणी दाखवून 'अशी कोरलेली, पण लहान' म्हटलं की काम होतं. दारावरची धोंड म्हणजे उभ्या केलेल्या जात्याच्या पाळीसारखी, ढकलली की घरंगळणारी, पण माणसाएवढी.

शुक्रवारचं पान

इथं मजकूर छोटा, आवाज साधा. नाटकी रडका सूर लावला की लहान मुलं तुमच्याकडं बघून घाबरतात, गोष्टीनं नाही. पट्टीवर एवढं पुरे:

'शिपायांनी येशूला क्रूसावर खिळलं. भर दुपारी अंधार पडला. येशू मेला. त्याची आई रडली. त्याचे मित्र रडले.'

'मेला' किंवा 'वारला' असंच म्हणा. 'झोपला' म्हणू नका, त्या रात्री मूल झोपायला घाबरतं. 'देवाघरी गेला' असंही नको, कारण तिसऱ्या दिवशी तो परत दिसतो आणि मूल गोंधळतं. गावातल्या मुलांनी मेलेलं वासरू, वारलेले आजोबा पाहिलेले असतात. सरळ शब्द त्यांना जड जात नाही.

जखमांचं जवळून काढलेलं चित्र असेल तर ते पान आधीच पुढच्या पानाला दोन कागदी क्लिपांनी जोडून टाका. वाचताना हातानं झाकू नका, झाकलेलं पान मुलं वाचून झाल्यावर हटकून उघडून बघतात.

यानंतर एखादं मूल विचारतं, 'माझे आजोबाही उठतील का?' घाईत 'हो' म्हणू नका, ते दाराकडं वाट बघत बसतं. ख्रिस्ती घरात उत्तर असं द्या: 'आजोबा आता घरी परत येणार नाहीत. येशू उठला, म्हणून आपला विश्वास आहे की देव एक दिवस त्यांनाही उठवील. तो दिवस कधी, ते देवाला ठाऊक.' वाचनाला सगळ्या धर्मांची मुलं असतील तर 'ख्रिस्ती लोकांचा असा विश्वास आहे' असं म्हणा. सरकारी शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचं 28 वं कलम तसं सांगतं. अंगणवाडी आणि शाळेत कोंबडीच्या पिल्लाची, बियांची पुस्तकं घ्या; पुनरुत्थानाचं पुस्तक घरी, चर्चमध्ये, संडे स्कूलमध्ये.

एका बैठकीत की आठवडाभरात

घरी वाचत असाल तर गोष्ट तिथीप्रमाणे तोडून वाचण्यासारखी दुसरी चांगली पद्धत नाही. झावळ्यांच्या रविवारी शिंगराची पानं. गुरुवारी रात्री येशूच्या शेवटच्या जेवणाचं, भाकर मोडण्याचं पान. शुक्रवारी संध्याकाळी क्रूस आणि बंद कबर. तिथं पुस्तक मिटा आणि उरलेल्या पानांना रबर बँड घाला. शनिवारी पुस्तक सगळ्यांना दिसेल असं फळीवर ठेवा, पण उघडू नका. मूल दिवसभर 'पुढं काय?' म्हणत मागं लागतं, लागू द्या. शिष्यांनीही तो दिवस असाच काढला होता. कॅथलिक घरांत शनिवारी रात्रीच्या मिस्सेलाच (चर्चमधल्या उपासनेलाच) ईस्टर सुरू होतो, पण लहानगी तेव्हा पेंगत असतात. रबर बँड रविवारी पहाटेच काढा, ऊन चढायच्या आत. सुरुवातीला शुक्रवारचं पान एकदा परत दाखवा, नाहीतर तीन-चार वर्षांच्या मुलाला धागा लागत नाही.

संडे स्कूलमध्ये मात्र असं तोडू नका. शुक्रवारी आलेलं मूल रविवारी मामाच्या गावी गेलं, तर त्याच्यापाशी फक्त मेलेला येशू उरतो. जिथं हजेरीचा भरवसा नाही तिथं पूर्ण गोष्ट एकाच बैठकीत, 8 ते 10 मिनिटांत.

जागेचंही ठरवून घ्या. मुलं दाराकडं पाठ करून सतरंजीवर अर्धगोलात, उजेड त्यांच्या मागून चित्रावर. तुम्ही दारात बसलात तर पुस्तक काळं दिसतं. गुळगुळीत पान चमकतं, म्हणून वरची कड किंचित पुढं झुकवा. पहिली ओळ तीन फुटांवर. पुस्तक गालाजवळ, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला धरा, छातीशी धरलं की मागच्यांना तुमची हनुवटी दिसते. टिनाच्या छपराखाली दहानंतर वाचन होत नाही. सकाळी आठच्या आत किंवा दिवे लागल्यावर वाचा, आणि लाइट जाते म्हणून चार्जिंगची बॅटरी भरलेली ठेवा.

पान उलटलं की लगेच वाचू नका. तीन-चार सेकंद चित्र बघू द्या, मग वाचा. प्रत्येक पानाला प्रश्न विचारला की गोष्टीची परीक्षा होते, पूर्ण वाचनात दोन-तीन प्रश्न पुष्कळ.

रविवारची पानं

खरी मेहनत इथं करा. मार्काच्या शुभवर्तमानात बाया वाटेनं एकमेकींना विचारतात की दारावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील. याचं पालुपद करा, वऱ्हाडीत: 'दारावरचा गोटा कोन लोटन, बाई, कोन लोटन?' अंधारातलं पान, वाटेचं पान, बागेचं पान, तिन्हीवर एकदा एकदा. दुसऱ्या वेळेपासून मुलं सोबत म्हणतात. पहिल्यांदा हळू, मग जरा मोठ्यानं. चौथं पान उलटायच्या आधी पालुपद तुम्ही सुरू करा आणि 'कोन' वर थांबा. मुलं पूर्ण करतील, तेव्हा पान उलटा: गोटा सरकलेला. या पानावर काही वाचूच नका, मुलंच ओरडून सांगतात.

मग मग्दालीया मरीया आणि माळी. रडणाऱ्या मरीयेला मागं उभा असलेला माणूस माळी वाटतो. बरीच पुस्तकं याच जोडपानावर येशूचा चेहरा स्पष्ट दाखवतात आणि गंमत घालवतात. त्या पानापुरता उजव्या अर्ध्या भागावर जाड कागद धरा, मुलांना फक्त मरीयेची पाठ दिसू दे. वाचा: 'माळीदादा, त्याला तुम्ही नेलं असेल तर कुठं ठेवलं ते सांगा ना.' थांबा. कागद काढा. आणि येशूचा एकच शब्द, अगदी घरच्या हाकेसारखा, मोठ्यानं नाही: 'मरीये.' तिनं त्याला आवाजावरून ओळखलं, म्हणून हा शब्द भाषणासारखा वाचला तर पान फुकट जातं.

पुढं मरीया धावत जाऊन सांगते, आणि लूक लिहितो त्याप्रमाणे शिष्यांना बायांचं बोलणं खरंच वाटत नाही. हे गाळू नका. लहान मुलांना मोठ्यांनी खरं न मानण्याचा अनुभव रोजचा असतो, इथं ती मरीयेच्या बाजूनं भांडायला उठतात.

पुस्तकात तळ्याकाठच्या न्याहारीचं पान असेल तर नशीबच. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात रात्रभर शिष्यांच्या जाळ्यात काही लागत नाही, पहाटे काठावरचा एक माणूस, म्हणजे येशूच, जाळं उजवीकडं टाकायला सांगतो, आणि 153 मासे निघतात. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांकाठची मुलं हे पान तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. जाळं फाटलं का, मासे कोणते, विस्तव कशाचा, सगळं. त्यांना बोलू द्या. 153 हा आकडा पाच-सहा वर्षांच्यांना चिंचोके मोजून दाखवा.

सोबतीचं काम

पिल्लाच्या पुस्तकासोबत खरं पिल्लू निघालं तर उत्तम. कोंबडी 21 दिवस अंडी उबवते. म्हणजे 2027 साठी खुडूक कोंबडी 7 मार्चला बसवा, 2028 साठी 26 मार्चला. आठवड्याच्या आतली 8-10 अंडी, पाटीत गवत, घरातला गार कोपरा, शेजारी पाण्याचं भांडं. टिनाखाली ठेवलेली पाटी तापते आणि अंडी आतून सुकतात. सातव्या दिवशी रात्री अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा: आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, काहीच दिसलं नाही तर ते अंडं काढून टाका. मुलांना आळीपाळीनं दाखवा, एका अंड्याला मिनिटभरापेक्षा जास्त वेळ नको.

रंगीत अंड्यांसाठी 8-10 कांद्यांची टरफलं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, दोन चमचे व्हिनेगर घाला, त्यात अंडी 12 मिनिटं उकडून तसंच थंड होऊ द्या. तांबूस तपकिरी रंग येतो, लाल कांद्याची टरफलं असली तर गडद. मार्च-एप्रिलच्या उन्हात उकडलेली अंडी तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. लपवाछपवीच्या खेळाला गारगोट्या रंगवून वापरा आणि अंडी खायला ठेवा.

पुस्तक पुढच्या वर्षी

फाटलेलं पान साध्या सेलोटेपनं जोडलं की दोन उन्हाळ्यांत टेप पिवळा पडून चिकट होतो आणि शेजारचं पान ओढतो. पातळ कागदाची पट्टी आणि घट्ट खळ बोटानं अगदी कमी लावून, वर वजन ठेवून रात्रभर वाळवा. पुस्तक भिंतीला लागून ठेवू नका, उदई (वाळवी) भिंतीतूनच येते. वाळलेला लिंबाचा पाला घालून लोखंडी पेटीत ठेवा, पेटीखाली विटा. पावसाळ्यात दोनदा काढून सावलीत वारा द्या. मराठी पट्ट्या पानांवरच राहू द्या, आणि कोणत्या पानावर मुलांनी काय विचारलं ते पट्टीच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा.